बी दुधाच्या कॅनमध्ये, बाग बर्फाखाली

मंडळी, हे लिहितेय तेव्हा बाहेर उणे १८ आहे, तेही फॅरनहाइट, आणि संपादकांनी बागेचे प्रश्न पाठवलेत. पण बागेचे प्रश्न सगळ्यात जास्त जानेवारीतच येतात हो, कारण बाहेर करण्यासारखं काही नसतं आणि बियांचे कॅटलॉग टपालानं येऊन टेबलावर पडलेले असतात. नवीन वाचकांसाठी सांगते, मी काही बॉटनीवाली नाही, सगळी नोकरी अकाउंट्समध्ये केली. मिनियापोलिसच्या पश्चिमेला बावीस वर्षं राहतेय, त्यातली पहिली दहा साताऱ्याचं परसदार इथं उभं करण्यात घालवली आणि दर एप्रिलात मेलेली झाडं मोजली. गेली बारा वर्षं फक्त इथलीच झाडं लावते, ज्यांना इकडे नेटिव्ह म्हणतात. उत्तरं त्यातनं आलेली आहेत.

प्रश्न: ताई, मागच्या मे महिन्यात मी मिल्कवीड, ब्लेझिंग स्टार आणि अ‍ॅस्टरच्या बिया ट्रेमध्ये पेरल्या, खिडकीत ठेवल्या, रोज पाणी घातलं. मेथी चार दिवसांत वर येते, कोथिंबीर दहा दिवसांत. ह्यातलं दीड महिन्यात एक कोंब आला नाही. बिया खराब होत्या का? कंपनीला लिहू का? (वुडबरी, मिनेसोटा)

कंपनीला लिहू नका, बिया बहुतेक चांगल्याच होत्या. त्यांना हिवाळा मिळाला नाही एवढंच झालं.

असं बघा, ह्या झाडांचं बी सप्टेंबर-ऑक्टोबरात जमिनीवर पडतं. तेव्हा माती ओली असते, दुपारी ऊनही असतं, म्हणजे रुजायला काहीच हरकत नाही. पण मेथीसारखं चार दिवसांत वर आलं तर दोन पानांचं ते पोर नोव्हेंबरात गारठून मेलंच म्हणून समजा. म्हणून बियाला आतून कडी लावलेली असते, आणि ओल आणि थंडी दोन्ही एकदम, कित्येक आठवडे मिळाली की मगच ती निघते. नुसती थंडी चालत नाही, कोरडं पाकीट फ्रीजमध्ये वर्षभर ठेवलं तरी बी आपलं झोपलेलंच. मिल्कवीडला साधारण ३० दिवस, ब्लेझिंग स्टार आणि अ‍ॅस्टरला ६० धरा. ह्याला स्ट्रॅटिफिकेशन असं भारदस्त नाव आहे. विनोनाच्या प्रेअरी मून नर्सरीचा कॅटलॉग असेल तर त्यात प्रत्येक नावासमोर कोड असतो, सी आणि कंसात ६० दिसलं की ६० दिवसांची ओली थंडी.

करायचे दोन रस्ते. एक फ्रीजचा, म्हणजे बी ओलसर वाळूत मिसळायचं (मूठ दाबली तर पाणी गळता कामा नये), झिपलॉकमध्ये भरायचं, तारीख लिहायची आणि मागच्या कोपऱ्यात ठेवून द्यायचं. मी हे दोन वर्षं केलं, मग एकदा घरातल्या एका माणसानं ती पिशवी म्हणजे खराब झालेला गूळ आहे असं समजून फेकून दिली. तेव्हापासून मी दुसऱ्या रस्त्यावर आहे.

तो म्हणजे दुधाचा गॅलनचा रिकामा प्लास्टिक कॅन, तो अर्धपारदर्शक असतो तो. मधोमध आडवा कापायचा पण मुठीकडची बाजू बिजागरीसारखी जोडलेली ठेवायची, बुडाला चारपाच भोकं पाडायची, तीन-चार इंच पॉटिंग मिक्स भरून चांगलं भिजवायचं, वर बी टाकायचं, बारीक असेल तर नुसतं दाबायचं, मग चिकटपट्टी लावून बंद. झाकण काढून टाकायचं, तिथनं बर्फ आणि पाऊस आत जातो. आणि सरळ बाहेर नेऊन ठेवायचा, गच्च बर्फात. पाणी नाही, खत नाही, काळजी नाही. मार्च-एप्रिलात दिवसा वितळतं रात्री गोठतं असं सुरू झालं की बी फुगतं आकसतं आणि त्याच्या वेळेला आपोआप वर येतं, आपण तारखा मोजायच्याच नाहीत. एप्रिल अखेरीला ऊन कडक झालं की मात्र वरचा भाग उघडा ठेवा, नाहीतर आत रोपं शिजतात. नावाची पट्टी पेन्सिलनं लिहा. मार्करचं लिहिलेलं उन्हानं उडतं आणि मग मे महिन्यात आठ कॅनसमोर उभं राहून हे कोण ते कोण करत बसावं लागतं.

सगळ्यांनाच थंडी लागते असंही नाही, वाइल्ड बर्गमॉट तशीच पेरली तरी येते. आणि दुसऱ्या टोकाला ट्रिलियम आहे, ते जंगलातलं तीन पांढऱ्या पाकळ्यांचं, त्याच्या बियाला दोन हिवाळे लागतात, पहिल्यानंतर जमिनीखाली नुसतं मूळ आणि दुसऱ्यानंतर पान. मी आपलं रोप विकत आणलं. पण आणताना विचारा की नर्सरीत वाढवलंय ना, जंगलातनं उपटून आणलेलं नाही ना.

प्रश्न: कढीपत्ता, मोगरा आणि तुळस हिवाळ्यात बाहेर टिकवण्यासाठी काही युक्ती आहे का? गोणपाट गुंडाळलं तर? (ईगन, मिनेसोटा)

नाही. गोणपाट काय, शालजोडी गुंडाळली तरी नाही. रात्रीचं तापमान ५० फॅरनहाइटच्या खाली जायला लागलं की आत घ्या, कढीपत्त्याला हिवाळ्यात पाणी कमी घाला, पानं गळली तर रडू नका, मार्चमध्ये परत फुटतो. तुळस कुंडीत दरवर्षी नवीन. आणि भारतातनं येताना बॅगेत बिया टाकून आणायच्या नाहीत, त्यांना कागदपत्रं लागतात, आणि ती नसतील तर विमानतळावरच काढून घेतात.

प्रश्न: मागच्या वर्षी तुमचं वाचून अर्धं लॉन काढलं, चाळीस रोपं लावली. वर्षभर तण काढलं, पाणी घातलं आणि ऑगस्टमध्ये दिसलं काय, तर चाळीस छोटे छोटे झुबके आणि तीन फुलं. यजमान म्हणतात पैसे बुडाले. खत घालू का? (प्लिमथ, मिनेसोटा)

खत अजिबात नको! ही एक गोष्ट मी ओरडून सांगते कारण आपल्या हाताला सवय असते, झाड दिसलं की शेणखत. इथली प्रेअरीची (म्हणजे मूळच्या गवताळ माळरानाची) झाडं खतावलेल्या मातीत नुसती उंच वाढतात आणि जुलैच्या पहिल्या वादळात आडवी होतात, मग त्यांना काठ्या लावत बसा.

तुमचे पैसे बुडालेले नाहीत, जमिनीखाली गेलेत. पहिल्या वर्षी ही झाडं सगळी ताकद मुळांना लावतात. बिग ब्लूस्टेम नावाचं जे गवत आहे त्याची मुळं आठ-दहा फूट खाली जातात, आणि तुमच्या लॉनच्या गवताची जेमतेम काही इंच. म्हणून तर जुलैत लॉनला पाणी लागतं आणि ह्यांना लागत नाही. दुसऱ्या वर्षी झुबके अंग धरतात, तिसऱ्या वर्षी यजमानांना म्हणावं आता फोटो काढा.

आणि लॉनचं म्हणाल तर ज्याला केंटकी ब्लूग्रास म्हणतात ते केंटकीचं नाहीच मुळी, ते युरोप-आशियाकडचं गवत. क्रीपिंग चार्ली तिकडचीच, डँडेलायन तिकडचंच, मधमाशीसुद्धा तिकडनं आणलेली. मिनेसोटात मुळात १.८ कोटी एकर प्रेअरी होती, आज तिच्यातली दोन टक्केसुद्धा उरलेली नाही, बाकी मका, सोयाबीन, घरं, रस्ते. इथली म्हणण्यासारखी गोष्ट तुमच्या अंगणात ती चाळीस झुबकीच आहेत.

दोन कामाच्या गोष्टी. पुढच्या वेळी लॉन काढायचं तर खणू नका, खणलं की वर्षानुवर्षं खाली पडलेलं तणाचं बी उजेडात येतं आणि सगळं एकदम उगवतं. कार्डबोर्ड (चिकटपट्टी काढून) अंथरा, भिजवा, वर पालापाचोळा किंवा लाकडाचा भुसा, उन्हाळ्याच्या शेवटी केलं तर पुढच्या मेपर्यंत खालचं गवत मेलेलं असतं. झाडासाठी खड्डा घेणार असाल तर आधी ८११ ला फोन करून गॅस-विजेच्या लाइनी मार्क करून घ्या, फुकट असतं. आणि लॉन्स टू लेग्युम्स नावाची राज्याची योजना आहे, २०१९ मध्ये विधिमंडळानं मंजूर केली, त्यातनं परागीभवन करणाऱ्या कीटकांसाठी बाग केली तर खर्चातले काही शे डॉलर परत मिळू शकतात. अर्जाची मुदत असते, वेबसाइटवर बघत राहा. यजमानांना हे आधी सांगितलं असतं तर पत्रच आलं नसतं!

प्रश्न: आई-बाबा कोल्हापूरहून आलेत. आई रोज सकाळी पुढचं अंगण बघून म्हणते, एवढं गवत माजलंय, कापत का नाहीस, साप येतील. शेजारी काही बोलत नाही पण त्याचं लॉन कार्पेटसारखं आहे आणि तो आमच्याकडे बघून मान हलवतो. शहरानं नोटीस दिली तर? (मेपल ग्रोव्ह, मिनेसोटा)

नोटिशीचं सोपं आहे. मिनेसोटात २०२३ साली कायदा झाला, त्यानुसार शहरांना रहिवाशानं जाणूनबुजून लावलेली आणि सांभाळलेली नैसर्गिक बाग मान्य करावी लागते, झाडं आठ इंचांच्या वर गेली आणि बी धरलं तरी. पण सांभाळलेली हा शब्द महत्त्वाचा, लॉन कापायचा कंटाळा केला म्हणजे ती नैसर्गिक बाग होत नाही, आणि सरकारी यादीतलं घातक तण तिच्यात नको. एचओए (घरमालकांची सोसायटी) असेल तर त्यांची कागदपत्रं वेगळी, ती वाचा.

मान हलवणारा शेजारी हा खरा प्रश्न. माझ्या अनुभवात माणसांना उंच झाडांचा त्रास होत नाही, कुणी लक्ष देत नाही असं वाटलं की त्रास होतो. म्हणून कडा. बागेच्या कडेला दीड-दोन फूट कापलेलं लॉन ठेवा किंवा विटांची ओळ घाला, कडेला प्रेअरी ड्रॉपसीडसारखं गोल, बुटकं, नीटनेटकं गवत एका रांगेत लावा, सहा फुटी मंडळी मागे भिंतीशी ढकला. प्रत्येक जातीचं एकेक रोप विखरून लावण्यापेक्षा पाच-पाच सात-सातचे गट करा, मग ते मुद्दाम लावलेलं दिसतं. एक छोटी पाटी लावा. एक बाक ठेवला तर फारच छान, बाक बघितला की कुणाला ती पडीक जागा वाटत नाही, मग त्यावर कुणी बसो न बसो.

माझ्या शेजाऱ्यानं पहिली दोन वर्षं माझ्याकडे बघून फक्त हूं केलं. तिसऱ्या ऑगस्टात त्याची नात रोज येऊन फुलपाखरं मोजायला लागली आणि त्यानंतर त्यानं स्वतः एक कोपरा मागितला, म्हणजे माझ्याकडनं रोपं. मी दिली. बर्गमॉट दिली, ती इतकी पसरते की दिल्याशिवाय गत्यंतर नसतं.

आईंना मात्र कायदा सांगू नका, त्यांना कास सांगा. कोल्हापूरकर आहेत म्हणजे कासला जाऊन आल्या असतील किंवा निदान फोटो तरी बघितले असतील. ऑगस्ट-सप्टेंबरात त्या पठारावर एवढी गर्दी होते ती गवत आणि रानफुलंच बघायला ना? तिथं कुणी म्हणत नाही की हे कापून कार्पेट करा. त्यांना सांगा की ही इथली कास आहे, फक्त चारशे स्क्वेअर फुटांची. आणि सापांचं म्हणाल तर ह्या भागातल्या अंगणात दिसतो तो गार्टर साप, बिनविषारी, गोगलगायी खातो. पण हे वाक्य आईंना सांगताना पहिला अर्धा भाग गाळलेला बरा.

प्रश्न: मिल्कवीड लावलं मोनार्क फुलपाखरांसाठी, आता ते सगळीकडे उगवतंय, लॉनमध्ये, टोमॅटोत, गॅरेजच्या फटीत. उपटू की नको? मनाला बरं वाटत नाही. (मॅडिसन, विस्कॉन्सिन)

उपटा, बिनधास्त. तुम्ही लावलंय ते कॉमन मिल्कवीड असणार, ते जमिनीखालनं मुळं सोडत पळतं. शेताच्या बांधावर ते छान, छोट्या अंगणात ते भाडेकरूसारखं, आधी एक खोली मागतं. तुमच्याकडे स्वॅम्प मिल्कवीड पाहिजे, ते एका जागी झुबका करून राहतं, गुलाबी फुलं, ओल आवडते पण साध्या मातीतही येतं. कोरडी वाळूसारखी माती असेल तर बटरफ्लाय वीड, केशरी. ते मात्र वसंतात फार उशिरा उठतं, सगळी झाडं हिरवी झाली तरी त्याचा पत्ता नसतो आणि माणसं मेलं समजून त्यावर दुसरं काहीतरी लावतात. मी लावलंय. शेवटी जागेवर एक काठी रोवून ठेवायला लागले.

उपटताना पानं उलटी करून बघा, टाचणीच्या डोक्याएवढं पांढुरकं अंडं असेल तर ते झाड ठेवा. आणि चीक डोळ्यात जाऊ देऊ नका. चीक म्हटल्यावर ओळख पटली का? मिल्कवीड आपल्या रुईच्याच कुळातलं. तीच चिकाची पानं, तीच बोंडं आणि म्हाताऱ्या उडतात तशीच उडणारी बी. शनिवारी मारुतीला जिची माळ घालतो त्या रुईवर आपल्याकडे प्लेन टायगर नावाचं केशरी फुलपाखरू अंडी घालतं, ते मोनार्कचं अगदी जवळचं नातेवाईक. म्हणजे इकडे तिकडे एकच धंदा, चिकातलं विष अळीनं अंगात साठवायचं आणि पक्ष्यांना कडू लागायचं. मला हे कळलं तेव्हा उगीचच घरी आल्यासारखं वाटलं होतं.

आणखी एक. नुसतं मिल्कवीड लावून भागत नाही, ते अळ्यांचं जेवण. ऑगस्ट-सप्टेंबरात जी शेवटची पिढी निघते ती इथनं थेट मेक्सिकोत, मिचोआकानच्या डोंगरातल्या ओयामेल फरच्या जंगलात जाते, आणि त्या प्रवासाला तिला मध लागतो. म्हणून गोल्डनरॉड आणि अ‍ॅस्टर पाहिजेतच. मेडो ब्लेझिंग स्टार मिळालं तर जरूर लावा, ऑगस्टमध्ये एकेका काडीवर चार-पाच मोनार्क लोंबकळतात.

प्रश्न: ऑक्टोबरमध्ये सगळे शेजारी बाग कापून, पानं गोळा करून, अंगण चकचकीत करतात. आम्ही काय करायचं? (नेपरव्हिल, इलिनॉय)

चहा प्यायचा.

खरंच, झाडं उभी राहू द्या. कोनफ्लॉवरच्या काळ्या बोंडांवर गोल्डफिंच येतात, ब्लूस्टेमचं गवत बर्फात विटकरी लाल दिसतं, आणि उभ्या काड्यांत बर्फ अडकतो तो खालच्या मुळांना पांघरूण. पानं लॉनवर जाड थर असेल तर उचला पण कचऱ्यात देऊ नका, वाफ्यात टाका. पतंगांचे कोष, बंबलबीच्या राण्या, सगळे ह्याच पाल्यात नाहीतर त्याच्याखालच्या मातीत हिवाळा काढतात. रस्टी पॅच्ड बंबलबी ही मिनेसोटाची राज्यमाशी, तिला २०१७ मध्ये धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत घातलं. तिची राणी जमिनीत थोड्याशाच खोलीवर एकटी झोपलेली असते, बाकी सगळं पोळं थंडीत मरून गेलेलं असतं. म्हणजे पुढच्या वर्षीचं सगळं घराणं त्या एका राणीवर. तिच्यावर लीफ ब्लोअर चालवायचा का, हा प्रश्न आहे.

वसंतात पण घाई नको. एप्रिल अखेर-मे मध्ये काड्या कापा, जमिनीपासनं नको तर गुडघ्याएवढ्या, काही आठ इंच काही दोन फूट अशा ठेवा. त्या पोकळ खुंटांमध्ये छोट्या रानमाश्या उन्हाळ्यात घरं करतात. वाईट दिसेल म्हणता? महिन्याभरात नवीन पालवीत खुंट दिसतसुद्धा नाहीत.

प्रश्न: ससे! बाकी काही विचारत नाही. (रॉचेस्टर, मिनेसोटा)

बाकी काही विचारायची गरजच नाही, माझं अख्खं सहानुभूतीचं पत्र समजा हे. ससे अ‍ॅस्टर खातात, ब्लेझिंग स्टार खातात, प्रेअरी क्लोव्हर तर पेढ्यासारखं खातात. बर्गमॉट, माउंटन मिंट, रानकांदा आणि गवतं सोडतात, म्हणजे वासाची आणि चरबट पानांची. नवीन रोपांना पहिली दोन वर्षं कोंबडीजाळीची टोपली घाला, झाड मोठं झालं की थोडं खाल्लं तरी परत फुटतं, उलट बुटकं आणि भरगच्च होतं.

हिवाळ्यात झुडपांची साल हा खरा धोका. मी सर्व्हिसबेरीला चांगली दोन फुटांची जाळी लावली होती आणि स्वतःवर फार खूश होते. त्या वर्षी दीड फूट बर्फ साचला, ससा बर्फावर उभा राहिला आणि जाळीच्या वरनं आरामात फांद्या सोलून खाल्ल्या, गोल, व्यवस्थित, सुरीनं कापल्यासारख्या. म्हणजे जाळीची उंची जमिनीपासनं मोजायची नाही, बर्फापासनं मोजायची. आणि खालनं शेतउंदीर बर्फात बोगदे करून बुंध्याशी येतात, त्यांच्यासाठी पाव इंच भोकांची हार्डवेअर क्लॉथ जाळी, दोन इंच मातीत गाडलेली, आणि बुंध्याला टेकवून भुसा-पाला ठेवायचा नाही.

प्रश्न: आमच्याकडे थंडी तुमच्याइतकीच, पण जानेवारीत मधेच चिनूक नावाचं गरम वारं येतं, एका दिवसात बर्फ वितळतो आणि दोन दिवसांनी परत उणे २५. कागदावर झोन बरोबर असलेली झाडंसुद्धा मरतात. (कॅलगरी)

तुमचं उणे २५ सेल्सियस, हे इथल्या वाचकांना सांगून ठेवते. अमेरिकी झोन म्हणजे वर्षातल्या सगळ्यात थंड रात्रीचा सरासरी हिशोब, बाकी ३६४ दिवस काय होतं ते त्यात येत नाही. आमच्याकडे ३० जानेवारी २०१९ ला उणे २८ फॅरनहाइट झालं, म्हणजे तुमच्या मापात उणे ३३, आणि माझी प्रेअरीची झाडं सगळी वाचली. थंडीनं मारलं नाही. मारतं ते वितळणं-गोठणं. बर्फ ही गोधडी आहे, ती ओढून घेतली, माती फुगली आकसली की नवीन लावलेली रोपं मुळांसकट वर उचलली जातात आणि वाऱ्यानं वाळतात.

म्हणून तीन गोष्टी. रोपं वसंतात लावा, शरदात नको, म्हणजे हिवाळ्याआधी मुळं धरतील. माती एकदा पूर्ण गोठली की मग वर पाला किंवा पेंढा टाका, आधी नाही. तो गरम ठेवायला नसतो, गोठलेलं गोठलेलंच राहावं म्हणून असतो. आणि झाडं अशी निवडा की चिनूक ज्यांच्या आज्यापणज्यांनी सोसलाय, आमच्या यादीवरनं नाही. सास्काटून बेरी लावाच, फुलं, फळं, लाल पानं सगळं देते आणि फळांचा मुरंबा उत्तम होतो. वाइल्ड रोझ तर अल्बर्टाचं राज्यफूलच. प्रेअरी क्रोकसची जांभळी केसाळ फुलं बर्फ वितळतोय तोच वर येतात, पण त्याचं बी ताजं असतानाच पेरायचं, ठेवलं की उगवण झपाट्यानं कमी होते. बुटक्या गवतांत ब्लू ग्रामा.

प्रश्न: ताई, जरा वेगळा प्रश्न. गणपतीला दुकानातली महागडी फुलं आणण्यापेक्षा नेटिव्ह बागेतली फुलं वाहता येतील अशी बाग करायची आहे. सासूबाई म्हणतात गोल्डनरॉडनं शिंका येतात. आणि लाल फूल पाहिजेच. (शॉम्बर्ग, इलिनॉय)

किती छान प्रश्न, ह्याच्यावर मी पूर्ण अंक लिहीन.

आधी शिंका. गोल्डनरॉडचा पराग जड आणि चिकट असतो, तो माश्यांच्या अंगाला लागून जातो, हवेत उडत नाही. त्याच दिवसांत रॅगवीड फुलतं, त्याची फुलं हिरवी, कुणाला दिसतही नाहीत, आणि त्याचा पराग वाऱ्यावर मैलोनमैल जातो. चोर तो आहे, पकडला जातो हा, कारण हा पिवळाधमक रस्त्याकडेला उभा. पूजेला शोई गोल्डनरॉड लावा, ते कॅनडा गोल्डनरॉडसारखं अंगण गिळत नाही.

ऑगस्ट अखेर ते सप्टेंबर मध्य म्हणजे इथली बाग अगदी भरात असते, ह्या बाबतीत बाप्पानं आपल्यावर कृपाच केलीय. पिवळ्याला ब्लॅक-आइड सुझन आणि गोल्डनरॉड, जांभळ्याला न्यू इंग्लंड अ‍ॅस्टर, निळ्याला ग्रेट ब्लू लोबेलिया. २०२६ मध्ये गणपती १४ सप्टेंबरला आहेत, तेव्हा अ‍ॅस्टरचा नुसता खच असेल. आणि झेंडू नेटिव्ह नाही म्हणून मन खट्टू करू नका, तो आपला तरी कुठे, मूळचा मेक्सिकोकडचाच ना! तोरणासाठी कुंडीत दरवर्षी लावा, मी लावते. दूर्वांची हरळी आमच्या हिवाळ्यात जमिनीत टिकत नाही, तीही कुंडीत, आणि थंडीत खिडकीशी.

आता लाल फूल. जास्वंदाचा इलिनॉयमधला नातेवाईक आहे, हिबिस्कस लीव्हिस, फिकट गुलाबी मोठी फुलं, दर हिवाळ्यात जमिनीपर्यंत मरतो आणि उन्हाळ्यात परत पाच फूट. पण लालभडक पाहिजे तर कार्डिनल फ्लॉवर. असला लाल मी दुसऱ्या कुठल्या फुलात बघितला नाही, आणि त्याच्यावर हमिंगबर्ड येतात, रोज, नेमानं. त्याला ओल लागते, तेव्हा छपराच्या पन्हाळीचं पाणी जिथं उतरतं तिथं लावा. झाड पोटात जाऊ द्यायचं नाही, विषारी आहे, म्हणून मूर्तीला वाहा पण प्रसादाच्या ताटात नको आणि लहान मुलांना सांगून ठेवा. झाडं फार वर्षं जगत नाहीत, पण भोवती बी पाडून जातात, त्यामुळे खाली भुशाचा जाड थर घालू नका, बीला जागा ठेवा.

बी धुळीसारखं बारीक असतं, उजेड लागतो, म्हणून मातीत पुरायचं नाही, नुसतं भुरभुरवून बोटानं दाबायचं. ६० दिवसांची ओली थंडी लागते म्हणजे वर सांगितलेला दुधाचा कॅन जानेवारी संपायच्या आत बाहेर गेला पाहिजे. पहिल्या वर्षी नुसता पानांचा गुच्छ येईल, फुलं दुसऱ्या वर्षी. २०२७ ला गणपती ४ सप्टेंबरला आहेत, कार्डिनल तेव्हा फुललेलं असेल. दूध संपलं की कॅन टाकू नका.